मांडवीच्या पाण्यातील आणि चिखलातील जिवाणू मोजताना

किनाऱ्यालगतच्या एका मिलिलिटर समुद्राच्या पाण्यात साधारणपणे काही लाख जिवाणू असतात, तर गोव्यातील मांडवी नदीच्या मुखाशी ओहोटीला उघड्या पडणाऱ्या एका ग्रॅम चिखलात ही संख्या अब्जाच्या घरात जाते. आगरच्या (जिवाणू वाढवण्याच्या जेलीच्या) प्लेटवर त्यांपैकी फारच थोडे वाढत असल्याने ते रंगवून थेट सूक्ष्मदर्शकाखाली मोजणे हा भरवशाचा मार्ग आहे.

पाण्याचा 20 मिलिलिटर नमुना घेताच त्यात 0.2 मायक्रोमीटर छिद्रांतून गाळलेले 37 टक्क्यांचे फॉर्माल्डिहाइड 1.1 मिलिलिटर घालावे आणि बाटली थंड, अंधाऱ्या जागी ठेवावी. नंतर 1 मिलिलिटर नमुना, जिवाणू फिल्टरवर सारखे पसरावेत म्हणून थोड्या गाळलेल्या पाण्यासह, डॅपीने (डीएनएला चिकटून चमकणाऱ्या रंगद्रव्याने) रंगवून 0.2 मायक्रोमीटरच्या काळ्या पॉलिकार्बोनेट फिल्टरवरून हलक्या निर्वातात गाळावा. अतिनील प्रकाशात जिवाणू निळे ठिपके होऊन चमकतात. सूक्ष्मदर्शकातून दिसणाऱ्या आखीव चौकोनाएवढी किमान वीस क्षेत्रे मोजावीत. नमुना न घालता केवळ गाळलेल्या पाण्याचा एक फिल्टर रंगवून मोजणे कधीही टाळू नये, कारण दूषित रंगद्रव्याची लबाडी तेथेच पकडली जाते.

समजा, फिल्टरच्या ज्या गोल भागातून पाणी गाळले जाते त्याचा व्यास 17 मिलिमीटर आहे आणि क्षेत्र 100 गुणिले 100 मायक्रोमीटरचे आहे. तर फिल्टरवर अशी सुमारे 22,700 क्षेत्रे बसतात. क्षेत्रामागे सरासरी 30 जिवाणू मिळाले, तर 1 मिलिलिटरमागे सुमारे 6.8 लाख होतात, आणि फॉर्माल्डिहाइडमुळे नमुना पातळ झाला हे हिशोबात धरले की ते 7.2 लाखांवर जातात.

चिखलाची खरी अडचण कणांना चिकटलेल्या जिवाणूंची आहे. टोक कापलेल्या सिरिंजने वरचा एक सेंटिमीटर थर काढावा, त्यातील एक ग्रॅम फॉर्माल्डिहाइडयुक्त गाळलेल्या पाण्यात घेऊन जिवाणू कणांपासून सुटावेत म्हणून सोडियम पायरोफॉस्फेट मिसळावे आणि बर्फात ठेवून थोड्या थोड्या वेळाने ध्वनिलहरी द्याव्यात. लहरी कमी पडल्या तर जिवाणू कणांखाली दडून राहतात, जास्त झाल्या तर फुटतात. म्हणून स्वतःच्या चिखलावर वेगवेगळे कालावधी देऊन जास्तीत जास्त संख्या कोठे मिळते ते आधी पाहावे. त्यानंतर सुमारे हजारपट पातळ करून गाळावे. उरलेला चिखल वाळवून संख्या कोरड्या वजनावर मांडली, तरच वाळू आणि खाजणातील चिखल यांची तुलना करता येते.

आकार मोजताना रुंदीवर सर्वाधिक लक्ष द्यावे. दंडगोल जिवाणूचे घनफळ π (पाय) भागिले चार, गुणिले रुंदीचा वर्ग, गुणिले (लांबी वजा रुंदीचा तिसरा भाग), असे येते. लांबी 0.8 आणि रुंदी 0.4 मायक्रोमीटर असेल, तर घनफळ 0.084 घन मायक्रोमीटर. तीच रुंदी चुकून 0.5 वाचली गेली, तर ते 0.124 होते, म्हणजे जवळजवळ दीडपट. डोळ्यांना ठिपक्याभोवतीचे तेजोवलय जिवाणूचाच भाग वाटते, म्हणून ज्ञात व्यासाचे चमकणारे मणी त्याच दिवशी त्याच प्रकाशात मोजून सूक्ष्मदर्शकातील मोजपट्टी तपासून घ्यावी.