सोलापुरात फॅमिली एसयूव्ही घेताय? या चुका टाळा

शोरूममध्ये गेलं की सेल्समन आधी सनरूफ उघडून दाखवतो. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जाणाऱ्या सोलापुरात भरदुपारी ते उघडून करायचं काय, हे कुणी विचारत नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे रिकाम्या गाडीची टेस्ट ड्राइव्ह. गाडी घरच्यांनी भरून तुळजापूर-अक्कलकोटला जाणार असेल, तर बघतानाही भरूनच चालवा, तीही दुपारी. आजीला तिसऱ्या रांगेत चढता येतं का? तिथल्या एसीच्या जाळीतून खरंच गार हवा येते, की पुढचाच वारा नुसता मागे ढकलला जातो? पाच मिनिटं स्वतः मागे बसा, कळेल. तिसरी रांग उघडी ठेवून डिकीत बॅगाही ठेवून बघा; बऱ्याच सात सीटर गाड्यांत दोन बॅगांतच जागा संपते. ग्राउंड क्लिअरन्सचा, म्हणजे गाडीचा तळ जमिनीपासून किती उंच त्याचा, आकडा रिकाम्या गाडीचा आहे की भरलेल्या, तेही विचारा. गावाकडच्या स्पीड ब्रेकरवर गाडी भरलेलीच असते.

दुसरी चूक डिझेलची. ‘डिझेल म्हणजे दणकट’ हे गणित जुनं झालं. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांच्या) डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ नावाचा फिल्टर असतो. रोज सात रस्ता ते नवी पेठ एवढंच फिरणं असेल, तर ती काजळी जळून जायला पुरेशी उष्णता मिळत नाही आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. तो दिसला की टाळाटाळ नको. गाडीच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे पुणे किंवा हैदराबाद हायवेवर एका वेगाने चालवा. साधारण १५-२० मिनिटांत बहुतेक वेळा काम होतं. तरी दिवा गेला नाही तर सर्व्हिस सेंटर गाठा. गाडी मुख्यतः शहरातच फिरणार असेल तर पेट्रोलच घ्या.

आकाराचा हिशेब पार्किंगपुरता नाही, कराचाही आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या आणि पेट्रोल १२०० किंवा डिझेल १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १८ टक्के जीएसटी आहे, त्यापुढच्या पेट्रोल-डिझेल गाड्यांना ४० टक्के.

शेत आहे म्हणून फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद देणारी गाडी, हवीच, असंही नाही. पावसात काळी माती टायरच्या खाचांत भरली की तीही घसरते. शेतापर्यंतचा कच्चा रस्ता रोजचा असेल तरच तो खर्च करा. एरवी गाडी डांबरीवर लावून चालत जावं. रुतलीच तर रेस वाढवू नका, चाक आणखी खाली जातं. चिखल उकरा, चाकापुढे पोती टाका आणि हळूच क्लच सोडा.

हेडलाइट मात्र कुणी तपासत नाही. ऊस हंगामात रात्री रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली अचानक पुढ्यात येते. अंधार पडल्यावर एक फेरी मागाच. सेल्समन कुरकुरला तर कुरकुरू द्या.