वकिलाविरुद्धच्या शिस्तभंग चौकशीत कागद हजर करून घेताना

वकिलीची सनद मिळून तिसरे वर्ष चालू असताना माझ्याकडे एका वृद्ध शेतकरी बाईंचे काम आले. भूसंपादनाच्या वाढीव मोबदल्याची रक्कम त्यांच्या आधीच्या वकिलांनी न्यायालयातून उचलली होती आणि बाईंच्या हाती तिचा थोडाच भाग पडला होता. राज्य बार कौन्सिलकडे, म्हणजे वकिलांच्या नियामक संस्थेकडे, केलेली तक्रार तीन सदस्यांच्या शिस्तपालन समितीकडे गेली, तेव्हा बाईंकडे एका वकीलपत्राच्या झेरॉक्सखेरीज काहीही नव्हते.

ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१ च्या कलम ४२ ने या समितीला दिवाणी न्यायालयाचे काही अधिकार दिले आहेत. समन्स काढून शपथेवर साक्ष घेणे, दस्तऐवज उघड व हजर करायला लावणे आणि कोणत्याही न्यायालयातून वा कार्यालयातून सार्वजनिक दप्तर मागवणे हे त्यांतले महत्त्वाचे. एवढ्या आधारावर मी ‘प्रकरणाशी संबंधित सर्व कागदपत्रे हजर करावीत’ असा अर्ज दिला. तो नामंजूर झाला, आणि योग्यच झाला. कोणता कागद, कोणाच्या ताब्यात आणि कोणत्या मुद्द्यासाठी हवा, याचा त्यात पत्ताच नव्हता.

दुसरा अर्ज लिहिण्यापूर्वी मी पैशाच्या वाटेने मागे गेले. रक्कम जमा झाली ती न्यायालयात, म्हणून नाझर शाखेच्या, म्हणजे न्यायालयातील पैशांचा हिशेब ठेवणाऱ्या शाखेच्या, नोंदीचा उतारा मागितला. चेक वटला तो बँकेत, म्हणून ठराविक तारखांपुरता खात्याचा प्रमाणित उतारा मागितला. वकिलांकडून मात्र दोनच गोष्टी मागितल्या: या पक्षकाराची फाईल आणि तिच्या पैशाचा हिशेब. पक्षकाराने सोपवलेल्या पैशाचा हिशेब ठेवणे बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार वकिलाचे कर्तव्यच आहे, त्यामुळे ‘असा हिशेब ठेवलाच नाही’ हे उत्तरही आपल्या उपयोगाचे ठरते.

समोरून दोन हरकती आल्या. पहिली गोपनीयतेची. हे संरक्षण पक्षकारासाठी असते आणि येथे पक्षकार स्वतःच कागद मागत होती, म्हणून तिची लेखी संमती मी अर्जासोबत जोडली. इतर पक्षकारांच्या नोंदी झाकून उतारा द्यावा, असेही स्वतःहून सुचवले. दुसरी हरकत थकलेल्या फीची. फी बाकी आहे म्हणून वकिलाला फाईल अडवून ठेवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा या २००० सालच्या निकालात स्पष्ट केले आहे.

त्रयस्थाने समन्स मानले नाही तर कलम ४२(३) उपयोगी पडते: समिती ते समन्स दिवाणी न्यायालयाकडे पाठवू शकते आणि ते न्यायालय स्वतःचेच समन्स असल्याप्रमाणे त्याची अंमलबजावणी करू शकते. हे सारे पहिल्या एक-दोन तारखांतच मागावे, कारण वर्षभरात निकाल न लागल्यास कलम ३६-ब नुसार प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे वर्ग होते. कागद दडवला तर तो दडवणाऱ्याच्याच विरुद्ध जाणारा होता, असा प्रतिकूल निष्कर्ष काढता येतो, पण केवळ त्यावर विसंबू नये. येथे सनद पणाला लागलेली असते आणि पुरावाही तितकाच भक्कम अपेक्षित असतो.

आमच्या प्रकरणात नाझर शाखेचा आणि बँकेचा उतारा आधी आला. वकिलांनी हिशेबवही त्यानंतरच्या तारखेला हजर केली.