जुन्या पिकअपचं मागचं डिफरन्शियल गळतंय? सील बदलण्याआधी ब्रीदर बघा

पिकअप रात्रभर उभी होती तिथे मागच्या ॲक्सलखाली काळपट, चिकट डाग दिसला तर बोट लावून वास घ्या. गंधकासारखा उग्र वास आला की समजा, डिफरन्शियलमधलं, म्हणजे मागच्या ॲक्सलच्या मधल्या, चाकांकडे ताकद वाटणाऱ्या गिअरच्या पेटीतलं गिअर ऑइल आहे. जुन्या बोलेरो पिकअपला, टाटा २०७ला हे दुखणं नवं नाही आणि बहुतेक वेळा ते थोडक्यात निभावतं. पण चालढकल करू नका. तेल संपलं की आधी आवाज येतो, मग क्राऊन-पिनियन, म्हणजे आतल्या मुख्य दातेरी चाकांची जोडी जाते, आणि त्या जोडीच्या खर्चापुढे तेल अडवणारं रबरी सील म्हणजे काहीच नाही.

गळती शोधा

हौसिंग (डिफरन्शियलचं बाहेरचं कवच) डिझेल आणि ब्रशने स्वच्छ धुवा, फडक्याने कोरडं करा आणि गाडी पंधरा-वीस किलोमीटर फिरवून आणा. मग टॉर्च घेऊन खाली बघा. चालत्या गाडीत वाऱ्याने तेल मागे उडतं, त्यामुळे मागचं झाकण ओलं दिसलं म्हणजे झाकणच गळतंय असं नाही. सगळ्यात पुढचा आणि सगळ्यात वरचा ओला भाग शोधा. प्रोपेलर (गिअरबॉक्सकडून मागे येणारा फिरता दांडा) जिथे जोडलाय तिथे ओल असेल तर पिनियन सील, झाकणाच्या कडेला असेल तर पॅकिंग, चाकाच्या आतल्या बाजूला असेल तर ॲक्सल सील.

ब्रीदर साफ करा

हे सगळ्यात स्वस्त काम, आणि नेमकं हेच लोक विसरतात. ॲक्सलच्या नळीवर एक छोटी टोपी किंवा रबरी पाइप असतो, तो ब्रीदर. शेतरस्त्याची धूळ, चिखल बसून तो बुजतो. तेल तापलं की आतली हवा फुगते आणि शिट्टी अडकलेल्या कुकरसारखा दाब वाढतो. मग तेल चांगल्या सीलमधूनही वाट काढतं. नवं सील टाकूनही महिन्याभरात पुन्हा गळती सुरू झाली, तर संशय आधी इथेच घ्यावा. ब्रीदर काढून पेट्रोलने धुवा. आरपार हवा गेली पाहिजे. तो बुजलेला निघाला तर साफ करून, तेलाची पातळी बरोबर करून काही दिवस गाडी चालवा. तेवढ्याने गळती थांबली तर पुढचं काही उघडायची गरज नाही.

झाकणाचं पॅकिंग

गाडी सपाट जागी लावा, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा आणि मागून उचलून ॲक्सलखाली घोड्या (स्टँड) द्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका.

आधी वरचा, तेल भरायचा प्लग सोडवून बघा. तोच गंजून अडकला असेल तर तेल काढून बसल्यावर भरणार कुठून? तो सुटला की मगच तेल काढा. झाकणाचे वरचे दोन बोल्ट थोडे अडकवून ठेवा, बाकीचे काढा आणि झाकण हळूच सैल करा, म्हणजे उरलेलं तेल अंगावर येत नाही.

आता तेल नीट बघा. आतल्या चुंबकावर राखाडी, मऊ लगदा असणं नेहमीचं आहे. लोखंडाचे तुकडे किंवा दाताचा कपचा सापडला तर नुसतं पॅकिंग बदलून भागणार नाही. तेल दुधाळ असेल तर आत पाणी गेलंय.

जुनं पॅकिंग दोन्ही बाजूंनी खरवडून काढा. खरवड आत पडू देऊ नका. झाकणाची कड काचेवर ठेवून सपाट आहे का तपासा, कारण आधी कुणीतरी बोल्ट जास्त आवळले असतील तर पत्रा वाकलेला असतो. सिलिकॉन वापरणार असाल तर बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने सलग, न तुटणारी धार द्या आणि समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने आवळा. तेल भरण्याआधी ट्यूबवर लिहिलेला वेळ पूर्ण जाऊ द्या.

मागे झाकणच नसेल आणि अख्खं मुंडकं (आतल्या दातेरी चाकांचा संच) पुढून निघत असेल, तर दोन्ही ॲक्सल ओढावे लागतात. वजन बरंच असतं, ते काम गॅरेजवरच करा.

पिनियन सील

प्रोपेलर आणि तो ज्या चकतीला जोडलेला असतो त्या फ्लँजवर रंगाची खूण करा, म्हणजे परत तसाच बसेल. पिनियन नट काढण्याआधी नट, शाफ्ट आणि फ्लँज या तिघांवर मिळून एक खूण करा, बाहेर दिसणारे आटे मोजा. हा नट फक्त फ्लँज धरून ठेवत नाही, बेअरिंगवरचा ताणही तोच ठरवतो. तो एअर गनने ठोकून आवळला तर बेअरिंग जळतं, सैल राहिला तर दातांचा घास बिघडतो. बऱ्याच गाड्यांत आत चेपणारी बुश असते. ती एकदा जास्त चेपली की नवीनच टाकावी लागते. हात बसलेला नसेल तर एवढं काम जाणत्या मिस्त्रीकडून करून घ्या.

फ्लँजवर सील घासतं तिथे नख फिरवा. नख अडकलं तर खाच पडली आहे, नवं सीलही तिथे टिकणार नाही, फ्लँज बदला. नव्या सीलच्या ओठाला तेल लावा, स्प्रिंगची बाजू आत ठेवा आणि योग्य मापाच्या पाइपच्या तुकड्याने चौफेर सारखं ठोकत बसवा.

ॲक्सल सील गळत असेल तर ड्रम उघडा. ब्रेक लायनरवर तेल गेलं असेल तर तो धुऊन परत वापरू नका, दोन्ही चाकांचे लायनर बदला. इथे ब्रेकचा प्रश्न आहे.

तेल भरा

मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या ग्रेडचंच तेल घ्या. अशा ॲक्सलना साधारणपणे जीएल-५ दर्जाचं ८०डब्ल्यू-९० किंवा ईपी ९० लागतं. इंजिन ऑइल चालत नाही, कारण पिनियनचे दात क्राऊनवर घसरत फिरतात आणि तो दाब साधं तेल सोसत नाही. गाडी सपाट ठेवून प्लगच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत भरा. जास्त भरलं तरी गळतं.

जुनं तेल गटारात किंवा बांधावर ओतू नका, डब्यात भरून वापरलेलं तेल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या. शे-दीडशे किलोमीटर झाल्यावर पुन्हा एकदा खाली बघा, बोल्ट तपासा आणि प्लग उघडून पातळी बघा.