जुन्या रो-हाऊसमध्ये बदल करताय? या चुका टाळा

न्यूयॉर्क किंवा वॉशिंग्टनच्या ऐतिहासिक विभागातल्या रो-हाऊसमधल्या बदलाच्या परवानगीचा अर्ज अडकला असेल, तर आधी नकाशे उघडून बघा. बरेचदा त्यांत एकटंच घर असतं, जणू दोन्ही बाजूंना मोकळं मैदान आहे. अशा बदलांना परवानगी देणारं जतन मंडळ मात्र अख्खी ओळ पाहतं. एकाच बिल्डरने एकदमच बांधलेल्या आठ-दहा घरांची कॉर्निस, म्हणजे दर्शनी भिंतीच्या माथ्यावरची पुढे आलेली पट्टी, एका रेषेत जाते, खिडक्यांचे माथे जुळतात, दारापुढच्या पायऱ्या ठरावीक अंतराने उतरतात. तुमच्या बदलाने या ओळीचं काय होतं, हा त्यांचा प्रश्न असतो. म्हणून पुढची आणि मागची, दोन्ही बाजूंच्या नकाशांत शेजारची दोन-तीन घरं मोजमापासह दाखवा.

गच्चीवर मजला चढवताना हीच चूक सर्वात महाग पडते. समोरच्या फुटपाथवरून नजरेची रेषा काढली की नवा मजला कॉर्निसमागे लपतो आणि आर्किटेक्ट निश्चिंत होतो. पण कोपऱ्यावरून, शेजारच्या बुटक्या घराच्या डोक्यावरून तोच मजला सरळ दिसतो. न्यूयॉर्कचं लँडमार्क्स प्रिझर्व्हेशन कमिशन यासाठी गच्चीवर खऱ्या उंचीचा सांगाडा उभा करायला लावतं. लाकडी पट्ट्या आणि भडक रंगाची जाळी पुरते. तो उभा असताना आजूबाजूचे सगळे रस्ते पायी फिरा आणि फोटो काढा. जिन्याची खोली, एसीचं यंत्र, कठडा हेही सांगाड्यात धरा. शिवाय तुमचं घर उंच झालं की शेजाऱ्याची लगतची चिमणीही तुम्हालाच वाढवून द्यावी लागते. नकाशात ती हमखास विसरली जाते.

‘झोनिंगमध्ये बसतंय की’ असं सुनावणीत सांगू नका. किती बांधता येईल ते झोनिंग सांगतं. ते या घराला आणि या विभागाला शोभतं का, हा न्यूयॉर्कच्या 1965 च्या लँडमार्क्स कायद्याचा वेगळा विषय आहे.

वॉशिंग्टनमध्ये दोन गोष्टी मालकांना चकवतात. एक म्हणजे पुढची बाग. तिची निगा तुम्ही राखता, पण जुन्या भागांत ती जागा बहुधा सार्वजनिक मालकीची असते. त्यामुळे तिथलं कुंपण, तळघराकडे उतरणारा जिना, फरसबंदी या सगळ्याला वेगळी परवानगी लागते. दुसरी म्हणजे आतलं काम. नेहमीचा आतला बदल मंडळ सहसा पाहत नाही, पण मजल्यांच्या तुळया आणि भार पेलणाऱ्या भिंती मोठ्या प्रमाणात काढल्या तर ते पाडकाम ठरू शकतं. ‘दर्शनी भिंत ठेवली आहे’ एवढं उत्तर तिथे पुरत नाही.

विटांच्या दरजा, म्हणजे दोन विटांमधले सांधे, भरताना तर फार जपायला हवं. जुन्या मऊ विटा चुन्यात बसवलेल्या असतात. भिंतीत मुरलेलं पाणी त्या मऊ दरजांतून बाहेर पडतं. तिथे कडक सिमेंट भरलं की पाण्याला विटेतूनच वाट काढावी लागते, आणि थंडीत गोठून ते विटेचा पापुद्रा उडवतं. असं झालेलं नुकसान भरून येत नाही. मूळ मसाल्याचा नमुना तपासून घ्या, ताकद आणि रंग दोन्ही जुळवा, आधी छोटा तुकडा भरून दाखवा. यंत्राने दरजा खरवडणाऱ्या कंत्राटदाराला विटांच्या कडा कशा वाचवणार ते काम देण्यापूर्वीच विचारा.

अर्ज करूनही काहीच हलत नसेल, तर घरावर नियमभंगाची जुनी नोटीस आहे का ते शोधा. आधीच्या मालकाने परवानगीविना बसवलेल्या प्लास्टिकच्या खिडक्यांची जबाबदारी न्यूयॉर्कमध्ये नव्या मालकावर येते, आणि ती मिटेपर्यंत नवी परवानगी सहसा मिळत नाही. ती मिटवण्याचा प्रस्ताव नव्या अर्जातच घाला.

परवानगी मिळते ती शिक्का मारलेल्या नकाशांना. काम चालू असताना खिडकीची चौकट चार बोटं जाड करायची ठरली, तरी आधी सुधारित नकाशा पाठवा, मगच सुताराला सांगा.