मुलाला एचपीव्हीची लस द्यायचीय? आधी घरच्यांशी असं बोला

मुलीला एचपीव्ही या कॅन्सर करणाऱ्या व्हायरसची लस द्यायची म्हटलं तर आता आपल्या जळगाव-धुळ्याकडे लोक निदान ऐकून तरी घेतात, पण मुलाचं नाव काढलं की लगेच, "पोऱ्याले कसाले जोयजे ती?" आणि विषय तिथंच संपतो. तो तिथं संपू देऊ नका.

पहिलं म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर बायकांना होतो हे खरंय, पण व्हायरस काही बायकांपुरता नाही. पुरुषांना यातूनच घशाचा, गुदद्वाराचा, लिंगाचा कॅन्सर होऊ शकतो, गुप्तांगावर चामखीळ येतात. बायकांसाठी गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी, म्हणजे पॅप टेस्ट तरी आहे, पुरुषांच्या घशाचा कॅन्सर आधीच पकडेल अशी टेस्टच नाही. सासूबाईंना उद्याच्या सुनेचंही सांगा, कारण हा व्हायरस शरीरसंबंधातून नवऱ्याकडून बायकोला जातो, ते त्यांना लवकर पटतं. पण माझं मत विचाराल तर पोराच्या स्वतःच्या जिवाचं कारण आधी ठेवा.

खरी गाडी अडते ती वडिलांपाशी. "एवढ्याशा पोराला हे असलं कशाला, तो काय तसा आहे का?" इथं चिडायचं नाही, पोराच्या लसींची जुनी फाइल काढायची आणि जन्माच्या पानावर बोट ठेवायचं. हिपॅटायटिस बी, म्हणजे यकृताच्या आजाराची लस. तो आजारही शरीरसंबंधातून पसरतो, आणि ती लस बाळ २४ तासांचं व्हायच्या आत देतात. तेव्हा कोणी पोराच्या वागण्याचा विचार केला होता का? लस संसर्ग व्हायच्या आधीच द्यायची असते, झालेला संसर्ग ती बरा करत नाही. शिवाय ९ ते १४ वयात दोनच डोस लागतात, १५ नंतर तीन, म्हणजे थांबलात तर खर्चही वाढतो.

"पुढे मूलबाळ होणार नाही" ही भीती बरेच जण तोंडावर बोलत नाहीत, म्हणून आपणच काढायची. लसीत जिवंत व्हायरस नसतो, त्याच्या वरच्या कवचासारखं प्रोटीन असतं. आणि आपलंच पोर पहिलं नाही, ऑस्ट्रेलियात २०१३ पासून मुलग्यांनाही देतात, ब्रिटनमध्ये २०१९ पासून.

आता दवाखाना. जायच्या आधी फोन करा, सगळीकडे स्टॉक नसतो. पुण्याच्या सीरम कंपनीची सर्व्हावॅक ही एचपीव्हीची लस मुलग्यांसाठीही मंजूर आहे, आजचा भाव विचारून घ्या. लस फ्रिजमधूनच काढलीय ना, एक्सपायरी काय, बघायला लाजू नका. यीस्टची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा. पोराला उपाशी नेऊ नका आणि सुई दिल्यावर १५ मिनिटं बाकावर बसवूनच ठेवा, या वयात काहींना चक्कर येते. दंड दुखणं, थोडा ताप चालतो.

दुसरा डोस सहा महिन्यांनी, तोच लोक विसरतात. पहिला आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुट्टीत घेतला तर दुसरा दिवाळी उरकली की, तारीख त्याच दिवशी फाइलवर लिहून घ्या.

आणि पोराला खोटं सांगून नेऊ नका. बारा-तेरा वर्षांच्याला "ही कॅन्सरच्या एका व्हायरसची लस आहे" एवढं कळतं, पुढचं तो विचारेल तेव्हा वडिलांनी सांगावं. हेही सांगा की गुटखा-तंबाखूचा कॅन्सर ही लस थांबवत नाही, ती पुडी हातात धरायचीच नाही.