पावसाळी भूछत्रे ओळखताना: उपटू नका, बुडासकट खणा

चांगला पाऊस होऊन आठ-दहा दिवस झाले की बांधावर, हिरवळीत, झाडाच्या बुडाशी आणि आच्छादनावर छत्र्या उगवू लागतात. त्या ओळखायच्या म्हटले की बहुतेकांचा हात टोपीवर जातो. देठ मधूनच मोडतो आणि ओळख पटवणारा निम्मा पुरावा मातीत राहतो. सर्वांत घातक भूछत्राची खूण तर नेमकी तिथेच असते.

खुरपे देठापासून दोन बोटे लांब धरा, ५ ते ८ सेंमी खोल घाला आणि ढेकळासकट उचला. मग माती बोटांनी हळूहळू झाडा. बुडाशी फाटक्या पिशवीसारखे किंवा वाटीसारखे आवरण आहे का? बूड गोट्यासारखे फुगलेले आहे का? की देठ मुळीसारखा निमुळता होत खोल जातो? असा देठ वारुळावरच्या अळंबीचा असतो. तो वाळवीच्या घरापर्यंत पोचतो. बुरशीचे पांढरे तंतू पुरलेल्या लाकडात शिरलेले दिसले, तर ते भूछत्र मातीवरचे नसून लाकडावरचे आहे. हा फरक लहान वाटला तरी ओळखीची दिशाच बदलतो.

एकाच जागचे कोवळे, अर्धे उघडलेले आणि जून असे तीन नमुने घ्या. पावसाने टोपीवरचे खवले धुऊन जातात, देठाभोवतीचे कंकण (पातळ कडे) गळून पडते, त्यामुळे एकाच नमुन्यावर भरवसा नको. नमुने कागदी पिशवीत ठेवा. प्लास्टिकमध्ये त्यांना घाम फुटतो आणि काही तासांत लगदा होतो. उगवण माती, शेण, लाकूड की आच्छादनावर, शेजारी कोणते झाड, वास कसा, कापल्यावर रंग बदलतो का, हे जागेवरच टिपून घ्या. संध्याकाळपर्यंत यातले निम्मे विसरायला होते.

यानंतर बीजाणूंचा (भूछत्राच्या बियांसारख्या सूक्ष्म भुकटीचा) ठसा. पूर्ण उघडलेल्या टोपीचा देठ कापा. अर्धा पांढरा, अर्धा काळा असा कागद घेऊन टोपी पडद्यांची (टोपीखालच्या पातळ पात्यांची) बाजू खाली करून दोन्ही रंगांवर येईल अशी ठेवा. वर पाण्याचा एक थेंब टाका, वाटी पालथी घाला आणि ६ ते १२ तास हलवू नका. फक्त पांढरा कागद वापरला तर पांढरा ठसा दिसतच नाही आणि ‘ठसा आला नाही’ असे वाटते. टोपी कोवळी, सुकलेली किंवा अळ्यांनी पोखरलेली असेल तर मात्र ठसा खरेच येत नाही.

पडद्यांच्या रंगावरून ठशाचा अंदाज बांधू नका. हिरवळीत गोलाकार रांगेत येणारे मोठे, पांढरे, तपकिरी खवल्यांचे क्लोरोफायलम मॉलिब्डाइटिस याचे ठळक उदाहरण आहे. कोवळेपणी त्याचे पडदे पांढरे असतात, त्यामुळे ते खाण्याचे समजून तोडले जाते. ठसा मात्र हिरवट पडतो. खाल्ल्यावर बहुधा १ ते ३ तासांत जोरदार उलट्या-जुलाब सुरू होतात. बटण अळंबीच्या कुळातल्या जंगली जातींचे पडदे गुलाबी होऊन पुढे चॉकलेटी होतात आणि ठसाही चॉकलेटी येतो. त्यांतही देठाचे बूड कापताच गडद पिवळे पडले आणि फिनाइलसारखा वास आला, तर ती जात पोट बिघडवणारी आहे.

सर्वांत महाग पडणारी गल्लत अमॅनिटा फॅलॉइडिसची, म्हणजे सुरुवातीला सांगितलेल्या सर्वांत घातक भूछत्राची. पेंढ्यावर वाढणारी अळंबी ज्यांच्या ओळखीची आहे, तेच इथे फसतात, कारण बुडाशी पिशवी दोघांनाही असते. पेंढ्याच्या अळंबीला कंकण नसते आणि ठसा गुलाबी येतो. अमॅनिटाला कंकण असते (गळाले नसेल तर), ठसा पांढरा येतो आणि ते जिवंत झाडांच्या मुळांशी जोडून वाढते. पिशवी न फाटलेल्या अंड्याच्या अवस्थेत मात्र दोन्ही बाहेरून सारखीच दिसतात. म्हणून रानातली ‘अंडी’ गोळा करूच नयेत. पफबॉल (देठ-टोपी नसलेले चेंडूसारखे भूछत्र) वाटणारी प्रत्येक गुठळी उभी कापून पाहा. आत टोपी-देठाची आकृती दिसली तर तो पफबॉल नाही, आणि आत जांभळट काळे असेल तर तोही विषारी प्रकार. कुजक्या लाकडावरच्या छोट्या तपकिरी छत्र्यांपासून दूरच राहा. त्यांतल्या गॅलेरिनात अमॅनिटाचेच विष असते.

चांदीचा चमचा काळा पडणे, टोपीची साल निघणे, किड्यांनी खाल्लेले असणे, लसूण टाकून पाहणे, यांपैकी एकही परीक्षा खरी नाही. अमॅनिटाचे विष उकळून, वाळवून किंवा मीठ लावून जात नाही. ठसा जुळला म्हणजे खायला हरकत नाही, असेही नव्हे. जाणकाराने पूर्ण नमुना हातात घेऊन नाव सांगितल्याशिवाय काहीही चुलीवर चढवू नका. नुसत्या स्पर्शाने विष चढत नाही. हात धुतले की पुरे.

बागेपुरते बोलायचे तर छत्री दिसली की बुरशीनाशकाची फवारणी, ही सवय सोडा. कुंडीतली पिवळीजर्द छत्री, आच्छादनावरच्या चिमुकल्या घरट्यांसारख्या वाट्या किंवा ओकारीसारखा पिवळा फेसाळ थर (ही तर बुरशीही नव्हे) झाडाला अपाय करत नाहीत. मुले-जनावरे वावरत असतील तर छत्र्या काढून पुरून टाका, पण जमिनीतले बुरशीच्या तंतूंचे जाळे राहणार आणि त्या पुन्हा येणार.

लक्ष द्यायचे ते जिवंत खोडाच्या बुडाशी आलेल्या कडक, चकचकीत, तांबूस फळीसारख्या गॅनोडर्मा या बुरशीकडे. तिच्या खाली-आसपास कोकोसारखी भुकटी पडते. फळी दिसेपर्यंत आतले लाकूड बरेच कुजलेले असते, त्यामुळे ती कापून रोग जात नाही. खोड ठोकून पोकळ आवाज कुठवर येतो ते पाहा. झाड घरावर किंवा वाटेवर झुकत असेल तर तपासून उतरवा. इतर झाडांच्या बुडाशी जखमा होऊ देऊ नका, पाणी साचू देऊ नका.

कोणी रानटी भूछत्र खाल्ले असेल तर त्रासाची वाट न पाहता दवाखाना गाठा. अमॅनिटाची लक्षणे ६ ते २४ तासांनी येतात. मग दिवसभर बरे वाटते आणि त्याच काळात यकृत निकामी होत असते. घरी मुद्दाम उलटी करवू नका. खाल्ल्याची वेळ, इतर कोणी खाल्ले ते लिहून न्या, आणि उरलेले भूछत्र, टाकलेले देठ किंवा शिजवलेल्या भाजीचा उरलेला भाग सोबत घ्या.