घरची बिअर: शेगडी पेटवण्याआधीची तयारी

शनिवारी बिअर लावायची असेल तर तयारी मंगळवारी सुरू करा, आणि ती पाण्यापासून. मी शिकागोजवळ राहते. तळघरात ५ गॅलनच्या, म्हणजे साधारण १९ लिटरच्या खेपा लावते. अमेरिकेच्या १९७८ च्या केंद्रीय कायद्याने याला मुभा आहे: घरात एकच प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर २००. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर करता येत नाही, म्हणून ही यादी इकडे राहणाऱ्या मंडळींसाठी आहे.

माझ्या पहिल्या खेपेला जखमेवर लावायच्या पट्टीचा वास होता. कृती जशीच्या तशी पाळली होती, भांडी लख्ख होती, तरी एकोणीस लिटर मोरीत ओतावी लागली. दोष नळाच्या पाण्याचा. पाण्यातला क्लोरिन माल्टमधल्या (मोड आणून वाळवलेल्या धान्यातल्या) आणि यीस्टने तयार केलेल्या फिनॉलांशी जुळला की क्लोरोफिनॉल बनतो. तो अगदी कणभर असला तरी जिभेला कळतो, आणि कितीही दिवस ठेवलं तरी जात नाही. पाणी रात्रभर उघडं ठेवल्याने क्लोरिन उडून जातो, पण बऱ्याच गावांत आता क्लोरामिन घालतात आणि तो तसा जात नाही. म्हणून कॅम्पडेनच्या गोळ्या आणून ठेवा. एक गोळी २० गॅलनना पुरते. आपल्या सात-आठ गॅलन पाण्याला अर्धी कुस्करून घालून ढवळली की काही मिनिटांत काम होतं. इतका स्वस्त इलाज असताना माझी खेप गेली, म्हणून हे सगळ्यात आधी सांगते आहे.

बुधवारी मोजायची साधनं तपासा. थर्मामीटर बर्फाच्या पाण्यात शून्य दाखवतो का ते बघा. दाणे भिजवताना ६६ अंश समजून तुम्ही खरं तर ७१ वर बसलात, तर यीस्टला न पचणाऱ्या साखरा जास्त सुटतात आणि बिअर गोडसर, जड राहते. मग लोक म्हणतात, फर्मेंटेशन (आंबणं) अडकलं. तसंच हायड्रोमीटर, म्हणजे द्रवाची घनता मोजायची काचेची नळी, डिस्टिल्ड पाण्यात, त्याच्यावर छापलेल्या तापमानाला, बरोबर १.००० दाखवायला हवा.

त्याच दिवशी यीस्टच्या पाकिटावरची तारीख वाचा. १.०५० च्या आसपास घनता असलेल्या एलला (उबेत आंबणाऱ्या बिअरला) कोरड्या यीस्टचं ११.५ ग्रॅमचं एक पाकीट पुरतं, लागरला (गारव्यात आंबणाऱ्या बिअरला) दोन घ्या. विरजण कमी पडलं की दही जसं लागत नाही, तसंच इथेही. थोडं यीस्ट ताणात काम करतं आणि तो ताण चवीत उतरतो.

गुरुवार धुण्याचा. इथे दोन कामं वेगळी आहेत आणि नवीन माणूस ती एकच समजतो. आधी मळ काढायचा, मग जंतू मारायचे. मळावर सॅनिटायझर चालत नाही. लोणच्याची बरणी आपण आधी घासतो, वाळवतो आणि मगच हिंगाची धुरी देतो, तोच क्रम. प्लास्टिकच्या फर्मेंटरला (बिअर आंबवायच्या भांड्याला) आतून ओरखडे पडले असतील तर तो बदला, कारण त्या फटींत जंतू घर करतात. नळ सुटा करून धुवा. माझ्या एका आंबट खेपेचं मूळ नळाच्या आट्यांत बसलेल्या तपकिरी चिकट थरात सापडलं. स्टार सॅनसारखं आम्लाचं सॅनिटायझर १९ लिटर पाण्याला ३० मिलिलिटर लागतं, एक-दोन मिनिटं भिजू द्यायचं, पुन्हा पाण्याने धुवायचं नाही. फेस राहिला तरी राहू द्या. ब्लीच मात्र वापरू नका, पुन्हा तो पट्टीचा वास ओढवून घ्याल.

शुक्रवारी जागा ठरवा, आणि याला वेळ द्या, कारण माझ्या मते घरच्या बिअरचं अर्धं नशीब तापमानात आहे. यीस्ट काम करताना स्वतः उष्णता सोडतं. खोली २० अंशांवर असली तरी फर्मेंटरच्या आत तीन-चार अंश जास्त असू शकतात. पहिले तीन दिवस फार तापले तर केळ्याचा वास येतो, घशाला चटका देणारं जड अल्कोहोल तयार होतं. केळं आणि लवंग जर्मन गव्हाच्या बिअरमध्ये हवेच असतात, पण साध्या पेल एलमध्ये ते दोषच. महागडा फ्रीज नसला तरी चालतं. फर्मेंटर पाण्याच्या टबात ठेवा, उन्हाळ्यात माठाला गुंडाळतो तसं ओलं फडकं गुंडाळा आणि गोठवलेल्या बाटल्या सकाळ-संध्याकाळ बदला. त्या बाटल्या शुक्रवारीच गोठवून ठेवा.

शनिवारी पिल्सनर माल्ट असेल तर दाणे भिजवून निघालेला काढा झाकण न ठेवता ९० मिनिटं उकळा. झाकलात तर उकडलेल्या मक्याचा वास आतच राहतो. मग झटपट थंड करा. फर्मेंटरमध्ये ओतताना खळखळून हवा मिसळू द्या; यानंतर मात्र हवा नको, नाहीतर महिन्याभरात ओल्या पुठ्ठ्याची चव येते.

पुढचे दिवस धीराचे. एअरलॉकचे (फर्मेंटरमधला वायू बाहेर सोडणाऱ्या झडपेचे) बुडबुडे थांबले म्हणजे काम संपलं असं समजू नका, आणि बुडबुडे नाहीत म्हणून घाबरूही नका. झाकण जरा सैल असलं तरी वायू दुसरीकडून निघून जातो. हायड्रोमीटरचं ऐका. तीन दिवसांच्या अंतराने दोनदा तोच आकडा आला, की संपलं. अपेक्षेपेक्षा बराच वर अडकला असेल तर आधी फर्मेंटर दोन-तीन अंशांनी उबदार करा आणि तळाचं यीस्ट हलकेच फिरवा.

लोण्याचा वास हा या साऱ्यातला फसवा प्रकार. गेल्या हिवाळ्यात लागर बाटल्यांत भरायच्या बेतात होते. चवीला स्वच्छ वाटत होती. तरी दोन छोट्या बरण्यांत थोडी थोडी घेतली, एक झाकून ६० अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवली, दुसरी तशीच. दोन्ही थंड झाल्यावर गरम केलेली बरणी साताऱ्याहून आलेल्या आईपुढे धरली. तिने डोळे मिटून वास घेतला आणि विचारलं, "लोणी कढवत ठेवलंयस का गं?" दुसरीला काहीच वास नव्हता. म्हणजे लोण्याचा वास देणारं डायअसेटिल अजून बनलेलं नव्हतं, पण ज्यातून ते बनतं तो पदार्थ बिअरमध्ये होता. बाटलीत गेल्यावर सगळ्या खेपेला तो वास आला असता. मी फर्मेंटर १८ अंशांवर आणून चार दिवस तसाच ठेवला. यीस्टने ते आवरून घेतलं, आणि पुन्हा केलेल्या चाचणीत दोन्ही बरण्या सारख्या निघाल्या. हिरव्या सफरचंदाचा वास आला तरी हाच उपाय: यीस्टवरून बिअर काढायची घाई करू नका.

बाटल्यांसाठी तपकिरी काच जमवा. हिरव्या किंवा पांढऱ्या काचेतून ऊन लागलं की हॉप्सना (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांना) घाण वास सुटतो. १९ लिटरला साधारण १२० ग्रॅम मक्याची साखर वजन करून घाला, चमच्याच्या अंदाजाने नको, आणि आकडा स्थिर होण्याआधी भरू नका, कारण बाटल्या खरोखर फुटतात. बाटल्या जाड खोक्यात, मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठिकाणी ठेवा. दोन आठवड्यांनी एकच बाटली गार करून उघडा. सगळ्या फसफसून वाहत असतील तर दोष फर्मेंटरमध्ये किंवा साखरेच्या मापात शोधा. एखादीच वाहिली तर ती बाटली नीट धुतली गेली नव्हती. जे आढळेल ते, तारीख आणि तापमानासह, त्याच रात्री वहीत लिहा.